अनोळखी खांदे



येत्या 11 फेब्रुवारीला लूर्दमातेचा सण. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1992 साली हाच दिवस जागतिक आजारी दिन म्हणून ठरवला आणि 1993 पासून तो जगभरच्या ख्रिस्तसभेत पाळला जातो. आपल्या पॅरिशमध्येही त्या दिवशी आजारी आणि वृद्ध मंडळींना चर्चमध्ये आणतो, फादर त्यांना तेलाचा अभ्यंग करतात, मग चहा-बिस्किटं होतात. खुर्च्या लावायच्या, रिक्षा ठरवायच्या, कोणाला कोण आणणार याची यादी करायची, ही कामं बरीच वर्षं माझ्याकडे आहेत.

2024 मध्ये हा सण रविवारी आला आणि नेमका मी नव्हतो. परत आल्यावर थट्टा झाली की कॅटेकिस्ट आजाऱ्यांना सोडून बर्फात घसरायला गेले. थट्टा खरी होती. मी त्या दिवशी काश्मीरमध्ये, गुलमर्गला होतो. तिथे काय झालं ते सांगायचं टाळत आलो. आता सांगतो.

जायचं कारण आई. आईचं माहेर गोव्यातलं, साष्टी तालुक्यातलं राय. रायच्या चर्चची पालक हिममाता, बर्फाची माता. 5 ऑगस्टला तिचं फेस्त आणि त्याच दिवशी तिथे कणसांचं फेस्त. शेतातली भाताची पहिली कणसं फादर आशीर्वाद देऊन कापतात आणि मग ती घरोघरी जातात. भर पावसात, चिखलात, घामाच्या धारा लागलेल्या असताना सगळं गाव बर्फाच्या मातेला आळवतं! यामागची दंतकथा रोमची आहे. चौथ्या शतकात, पोप लिबेरियुस यांच्या काळात, भर उन्हाळ्यात 5 ऑगस्टला एस्क्विलिन टेकडीवर बर्फ पडला आणि मरियामातेने आपलं मंदिर कुठे बांधायचं ती जागा दाखवली. तिथे आज सांता मारिया मॅजोरे हे महामंदिर आहे. अजूनही दर 5 ऑगस्टला तिथे छतातून पांढऱ्या पाकळ्यांचा वर्षाव करतात.

आईने ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. लग्न होऊन बेळगावला आली, आमच्या मराठी घरात मराठी झाली, पण ती गोष्ट तिने सोडली नाही. "आमच्या सायबिणीचं बर्फ एकदा हाताने बघायचंय," असं ती म्हणायची. बाबा हसून म्हणायचे, "फ्रीज उघड." पण नेईन असंही म्हणायचे. ते राहिलं. 2021 च्या मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, बाबा गेले.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी विशीत असल्यापासून पॅरिशमध्ये कोणाचं निधन झालं की खांदा द्यायला जातो. ओळखीचा असो, नसो. शवपेटी उचलताना कोण पुढे, कोण मागे, पायऱ्या उतरताना कोणी किती वाकायचं, हे मला पाठ आहे. बाबांनीच शिकवलं होतं. ते म्हणायचे, माणसाला दोनच वेळा उचलून घेतात, बाप्तिस्म्याच्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी, आणि दोन्ही वेळा त्याला काही कळत नसतं. म्हणून उचलणाऱ्याने नीट उचलावं.

त्या बाबांना मी खांदा दिला नाही. मला स्वतःला करोना होता, मी घरात एका खोलीत बंद होतो. बाबा रुग्णालयात गेले. फोन आला. त्या दिवशी फादरही विलगीकरणात होते. पांढरे किट घातलेली चार अनोळखी माणसं बाबांना घेऊन गेली आणि आपल्या दफनभूमीत पुरून आली. एवढंच मला कळलं. कबरीवरची प्रार्थना महिन्याने झाली.

यात कोणाचीच चूक नव्हती, हे मला समजत होतं. पण आत काहीतरी घट्ट झालं. आयुष्यभर मी लोकांची माणसं उचलली आणि माझ्या बापाला परक्यांनी नेलं, हा विचार जाईना. त्यानंतर मी कोणाची मदत घेणं बंद केलं. आईचे गुडघे गेले, तर तिला उठवणं, न्हाणीघरात नेणं, मिस्साला आणणं, सगळं मी आणि माझी पत्नी. सेंट व्हिन्सेंट डी पॉलची मंडळी विचारायची, आम्ही बसू का रविवारी आईंजवळ? मी म्हणायचो, नको, आम्ही करतो. माझ्या वर्गातल्या मुलांना एकमेकांची ओझी वाहा असं पौलाच्या पत्रातून शिकवायचो. माझं ओझं मात्र कोणाच्या हाताला लागू देत नव्हतो. लोक म्हणायचे, काय मुलगा आहे! मलाही ते आवडायचं.

तर अशा माणसाने आईला बर्फ दाखवायला नेलं. बाबांचं राहिलेलं वचन मी एकट्याने पुरं करणार, असा तो हट्ट होता.

बेळगावहून दिल्ली, दिल्लीहून श्रीनगर. श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. टंगमर्ग या गावापर्यंत रस्ता साधा, त्यापुढचा तेरा किलोमीटरचा घाट देवदार आणि पाईनच्या रानातून वळणं घेत चढतो. बर्फ असेल तेव्हा टंगमर्गच्या पुढे चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकं ओढणाऱ्या गाड्याच नेतात. त्यामुळे तिथे गाडी बदलावी लागते. टंगमर्गलाच गमबूट आणि जाड कोट भाड्याने मिळतात. आईच्या पायात गमबूट चढवायला तिघं लागलो आणि ती लहान मुलीसारखी हसत होती.

आमचा ड्रायव्हर सांगत होता की आम्ही नशीबवान. काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासून चाळीस दिवसांच्या कडाक्याच्या थंडीला चिल्ला-ए-कलान म्हणतात. खरा बर्फ त्याच दिवसांत पडायचा. पण त्या वर्षी ते दिवस कोरडे गेले. जानेवारीत गुलमर्गची कुरणं तपकिरी पडली होती, पर्यटक आरक्षणं रद्द करत होते, मशिदींमधून बर्फासाठी खास नमाज झाल्या. महिना संपता संपता बर्फ आला. "मांग के लाए हैं, साहब," तो म्हणाला. मागून आणलाय. आईने हे ऐकलं आणि क्रूसाची खूण केली.

गुलमर्ग म्हणजे डोंगरांच्या मधली बशीसारखी पसरट जागा, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,650 मीटर उंच. उन्हाळ्यात फुलं, हिवाळ्यात बर्फ. इंग्रजांच्या काळात, 1927 साली, इथे स्की क्लब सुरू झाला. आता देशाचे हिवाळी खेळही इथे होतात. वाहनतळापासून रोपवेच्या स्थानकापर्यंत, ज्याला सगळे गोंडोला म्हणतात, बर्फातून चालायचं असतं. ते अंतर तरण्या माणसाला काहीच नाही. आईसाठी ते बेळगाव ते गोवा होतं.

गाडीतून उतरताच स्लेजवाले आले. स्लेज म्हणजे लाकडाची ठेंगणी, पाटासारखी घसरगाडी. पुढे दोर असतो. एक माणूस दोर धरून ओढतो, चढ असेल तर दुसरा मागून ढकलतो. उतारावर ओढणारा पुढे बसतो आणि पायांनी वळवतो. पन्नाशीचा एक माणूस पुढे झाला. अंगात फेरन, पायात साधे रबरी बूट. म्हणाला, माताजींना बसवा.

मी नाही म्हणालो. आपण ख्रिस्ती माणसं, माणसाने माणसाला जनावरासारखं ओढायचं आणि आपण बसायचं, हे मला पटेना. निदान स्वतःला मी तसं सांगितलं. आईचा एक हात मी धरला, एक पत्नीने आणि आम्ही निघालो. तो माणूस काही न बोलता, दोर हातात धरून, रिकामी स्लेज ओढत चार पावलं मागून येत राहिला.

वीसेक पावलांवर आईचा पाय घसरला. मी सावरायला गेलो तर माझाच पाय गेला. आई माझ्यावर, मी बर्फात. आम्ही उठायच्या आत त्या माणसाने मागून आईला काखेत हात घालून अलगद बसतं केलं. मग मला म्हणाला, "साहब, तरस मत खाइए, काम दीजिए."

दया नको, काम द्या. पुढे त्याने हिंदीत जे सांगितलं त्याचा अर्थ असा, की दीड महिना मी घरी बसून होतो. आम्ही देवाकडे बर्फ मागितला. त्याने दिला. आता बर्फ आहे, मी आहे, स्लेज आहे, तुमच्या आईचे पाय दुखतात, आणि तुम्ही चालत निघालात. मग त्याने बर्फ कशाला दिला?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईकडे होतं. ती म्हणाली, "पुता, बसव मला."

धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मार्कच्या शुभवर्तमानातली पक्षाघात झालेल्या माणसाची गोष्ट दरवर्षी शिकवतो. चौघे त्याला उचलून आणतात, गर्दीमुळे दारातून जाता येत नाही, म्हणून छप्पर उकलून खाली सोडतात. मुलांना मी नेहमी विचारतो, तुम्ही त्या चौघांपैकी होणार का? सगळे हात वर करतात. खाटेवरचा होणार का, हे मी कधीच विचारलं नव्हतं. तो माणूस त्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही. फक्त उचलू देतो. छपरातून लोंबकळताना त्याला लाज वाटली नसेल? त्याने "नको, मी येतो हळूहळू" म्हटलं असतं, तर ती गोष्टच घडली नसती.

स्लेजवर आई राणीसारखी बसली. वाटेत तिने हात खाली सोडून बर्फ उचलला, चिमूटभर कपाळाला लावला आणि बाकीचा तोंडात टाकला. मी ओरडलो, आजारी पडशील. ती म्हणाली, "गप रे."

गोंडोल्याचे दोन टप्पे आहेत. पहिला कोंगडूरीपर्यंत, सुमारे 3,050 मीटरवर. दुसरा अफरवट पर्वताच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ 3,950 मीटरवर. दुसऱ्या टप्प्यावर हवा विरळ असते, वृद्धांनी आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी तिथे न गेलेलं बरं. आमच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. तिकीट आगाऊ ऑनलाइन काढावं लागतं, ऐनवेळी गेलात तर निराश व्हाल. सहा जणांची पेटी असते, ती पूर्ण थांबत नाही, सावकाश सरकत राहते आणि सरकत्या पेटीतच चढायचं असतं. तिथल्या कर्मचाऱ्यांनी आईला दोन्ही बाजूंनी धरून आत ठेवलं. मी मागे राहून नुसता बघत होतो. पाईनची झाडं खाली गेली, त्यांच्या फांद्यांवर बर्फ कापसासारखा बसला होता. आईने जपमाळ काढली आणि वर पोचेपर्यंत बोलली नाही.

कोंगडूरीला उन्हाळ्यात गुज्जर मेंढपाळ राहतात. त्यांच्या सपाट छपरांच्या झोपड्या आता बर्फात अर्ध्या बुडाल्या होत्या. तिथे चहा घेत बसलो असताना एक स्की शिकवणारा तरुण शेजारी येऊन बसला. समोरून आणखी वर एक खुर्च्यांची रोपवे जात होती, तिच्यात स्कीवाले पाय लोंबकळवत चालले होते. मी विचारलं, ती कुठे जाते? तो म्हणाला, "मेरीज शोल्डर."

मी दोनदा विचारून घेतलं. त्या उताराचं नावच मेरीज शोल्डर आहे, मेरीचा खांदा. कोण मेरी, हे काही मी विचारलं नाही. आईला मराठीत सांगितलं. ती बराच वेळ त्या पांढऱ्या उताराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मोठा आहे हो खांदा. सगळे मावतात."

खाली उतरल्यावर माझ्या मुलीला स्कीचा तासभराचा धडा दिला. नवशिक्यांसाठी गोंडोल्याजवळच सौम्य उतार आहेत. शिकवणाऱ्याने आधी पळायला शिकवलंच नाही. पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून थांबायचं कसं, ते पहिलं. पडल्यावर पट्ट्या उताराला आडव्या करून उठायचं कसं, ते दुसरं. दहा वेळा पडली. पहिले तीन-चार वेळा तिने त्याचा पुढे केलेला हात झिडकारला, मी करते म्हणत. मला माझाच आवाज ऐकू आला.

आता दुपार कलली होती. स्लेजवाला थांबलेलाच होता. आई म्हणाली, आज रविवार, मिस्सा नाही मिळाली, निदान चर्च तरी दाखव. गुलमर्गला एका टेकाडावर सेंट मेरी चर्च आहे, इंग्रजांनी 1902 साली बांधलेलं, राखी रंगाचं. खालून ते दिसत होतं. मी म्हटलं, खालूनच नमस्कार कर. वर बर्फ आहे, वाट बुजलीय. ती म्हणाली, मी इतक्या लांब येऊन मरियेच्या दारात जाणार नाही?

स्लेजवाल्याला मराठी येत नव्हतं, पण त्याला कळलं. त्याने एका सोबत्याला हाक मारली. निम्म्या चढापर्यंत एकाने ओढलं, एकाने ढकललं. पुढे बर्फ भुसभुशीत होता, स्लेज रुतायला लागली. मी पुढे झालो, म्हटलं, आईला मी उचलतो. चार पावलांत मांडीपर्यंत रुतलो. त्याने माझ्याकडे बघून हात हलवला, तुम्ही राहू द्या. मग तो आईकडे पाठ करून बर्फात बसला आणि म्हणाला, "आ, मोज." काश्मिरीत मोज म्हणजे आई.

माझी आई, जिला मी तीन वर्षं कोणाला हात लावू दिला नव्हता, एका परक्या माणसाच्या खांद्याला हात टाकून त्याच्या पाठीवर बसली. सोबत्याने मागून आधार दिला. तो एकेक पाऊल दाबून बघत चालला. मी मागून येत होतो, माझ्या हातात फक्त तिची पिशवी होती.

दाराला कुलूप होतं. आईला त्याचं काही वाटलं नाही. पायरीवरचा बर्फ झटकून तिला बसवलं. तिने शाल डोक्यावरून घेतली आणि जपमाळेचा एक दशक म्हटला. ते दोघे थोडे बाजूला जाऊन कांगडीवर हात शेकत उभे राहिले. मग आई मला म्हणाली, "तुझ्या बाबांना कोणी नेलं रे?"

मी म्हटलं, सांगितलं होतं ना, महापालिकेतून आले होते.

"नावं काय त्यांची?"

माहीत नाही, म्हटलं.

"तीन वर्षं झाली आणि तुला माहीत नाही? पुता, त्यांना देव बरें करूं म्हणायचं राहिलंय."

ज्यांना कोकणी येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या गोव्याच्या माणसांत आभार मानताना "देव बरें करूं" म्हणतात, देव तुझं भलं करो. ते राहून गेलं, हे तिच्या दृष्टीने कर्ज होतं. मी ज्याला अन्याय समजत होतो, ते तिला न फेडलेलं ऋण वाटत होतं.

त्या पायरीवर बसून मला एक गोष्ट आठवली, जी मी दर शुभ शुक्रवारी वाचतो आणि जिच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. प्रभू येशूला कोणी उतरवलं? कोणी पुरलं? पेत्राने नाही. याकोबाने नाही. तीन वर्षं त्याच्याबरोबर जेवलेल्यांपैकी कोणाचंही नाव तिथे नाही. अरिमथाईचा योसेफ आला, जो भीतीमुळे लपून शिष्य होता. निकदेम आला, जो पूर्वी एकदा रात्रीचा भेटायला आला होता. त्या दोघांनी त्याला तागाच्या वस्त्रांत गुंडाळलं आणि योसेफाच्या स्वतःच्या नव्या कबरेत ठेवलं. प्रभूला त्याच्या जवळच्यांचा खांदा मिळाला नाही. तो त्याने परक्यांकडून घेतला, आणि ख्रिस्तसभेने त्या दोघांना कधी परकं मानलं नाही. त्यांची नावं शुभवर्तमानात लिहून ठेवली.

बाबांना जे मिळालं ते प्रभूलाही मिळालं होतं. मी त्याला कमीपणा समजत होतो.

उतरताना मी स्लेजवाल्याला ठरल्यापेक्षा जास्त पैसे द्यायला लागलो. त्याने ठरलेले घेतले, वर थोडे घेतले, बाकीचे परत केले. आई त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "देव बरें करूं." त्याला भाषा कळली नाही. त्याने मान खाली केली.

पुढच्या बुधवारी, 14 फेब्रुवारीला, बेळगावात कपाळाला राख लावून घेतली आणि प्रायश्चित्तकाळात मांस सोडण्याबरोबर आणखी एक ठरवलं, त्या चौघांना शोधायचं. आपल्या दफननोंदीत फक्त तारीख आणि कबरीचा क्रमांक होता. कबर खणणाऱ्याने सांगितलं की त्या दिवसांत दुसऱ्या एका मोहल्ल्यातली पोरं स्वतःहून यायची, महापालिकेच्या गाडीबरोबर. एकाचा पत्ता लागला. त्याचं पंक्चरचं दुकान आहे. मुसलमान मुलगा, आता तिशीचा असेल.

मी तारीख सांगितली. तो म्हणाला, काका, तेव्हा इतके उचलले की सगळे नाही आठवत. मग मी म्हटलं, उंच होते, सहा फूट. तो थांबला. म्हणाला, हो, आठवले. त्यांना खाली उतरवताना आम्हाला भीती वाटत होती, खड्डा आखूड पडेल की काय. एकाने आत उतरून माती आणखी काढली, मग ठेवलं. आपटू दिलं नाही. तुमच्यातली दुवा आम्हाला येत नव्हती. चौघं मिनिटभर गप्प उभे राहिलो. मग एक जण म्हणाला, आमीन तर ते पण म्हणतात, आपण पण म्हणतो. तेवढं म्हणालो आणि आलो.

मी त्याच्या दुकानात टायरवर बसून रडलो. त्याने कोणालातरी चहा आणायला पाठवलं. मी त्याला आईचा निरोप दिला. चौघांपैकी एक परदेशी गेलाय, एकाला मी नंतर भेटलो, एकाचा पत्ता अजून नाही. शोधतोय.

आता रविवारी आईला व्हीलचेअरवरून मिस्साला आणतात ते आपल्या युवकगटातले दोघे आहेत, तुम्ही पाहिलंच असेल. पहिल्या रविवारी मी मागे मागे धावत होतो, सांभाळा, पायरी आहे, करत. आईने वळून बघितलं, मग मी मागच्या बाकावर जाऊन बसलो.

लूर्दला आजाऱ्यांना निळ्या तीनचाकी गाड्यांत बसवून स्वयंसेवक हाताने ओढत नेतात. आपल्याकडे रिक्षा आहेत आणि खुर्च्या आहेत. यंदा 11 तारखेची यादी करताना मी दोन रकाने केले आहेत. आणणारे, आणि येऊ देणारे. पहिल्या रकान्यात नावं भराभर आली. दुसऱ्यात अजून जागा आहे. ज्यांच्या घरी कोणी आहे आणि जे माझ्यासारखे "नको, आम्ही करतो" म्हणत आलेत, त्यांनी या आठवड्यात मला फोन करावा. लाजू नका. आणि ज्यांच्या माणसांना त्या दोन वर्षांत परक्यांनी नेलं, त्यांनी जमल्यास त्यांची नावं शोधावीत. मी सोबत येईन.

प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू आम्हा हरवलेल्यांना खांद्यावर घेतलंस आणि स्वतःला परक्यांच्या हाती सोपवलंस. ज्यांनी आमच्या माणसांना उचललं आणि ज्यांची नावं आम्हाला ठाऊक नाहीत, त्यांचं तू भलं कर. आम्हाला उचलायला बळ दे, आणि उचलू द्यायला नम्रता दे. हे हिममाते, आमच्या घरातल्या आजाऱ्यांना आणि वृद्धांना तुझ्या खांद्यावर जागा दे.

आमेन.